बांगड्याच्या पाठीचा रंग

आमच्या संघटनेचा पहिला फलक इनास मेस्त्रींनी रंगवला, पण त्याआधी त्यांनी तो नाकारला. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. एका रिसॉर्टने किनाऱ्यावरची रापणीची, म्हणजे मोठं जाळं ओढायची, जागा कुंपण घालून अडवली होती. मी पत्र्याचा फलक आणि लाल रंगाचा डबा घेऊन मसुऱ्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गॅरेजात गेले. मेस्त्रींनी डबा उघडला, काडी बुडवली, ती उन्हात धरून पाहिली आणि झाकण परत दाबून बसवलं.

"चेडवा, हो तांबडो उनाक भितो. दोन म्हयन्यांत गुलाबी जातलो. मगे लोक म्हणतले, हेंचो रागय गुलाबी झालो."

मग त्यांनी आपल्या मांडणीवरचे दोन डबे काढले, तासभर काहीतरी ढवळलं आणि फलक रंगवून दिला. त्याला चार वर्षं झाली. फलक अजून तसाच लालभडक आहे. कुंपणही अजून तिथेच आहे.

मी पत्रकांवर वाढले. वडील लिहायचे, आई घड्या घालायची, मी वाटायची. पत्रकाचा कागद लहान असतो. त्यावर एक बाजू खरी असते आणि एक खोटी, मधे काही मावत नाही. इनास मेस्त्रींनी मला ती मधली जागा दाखवली असं लिहिणं माझ्या जिवावर येतं, कारण ती मला अजून पुरती पटलेली नाही. तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसले की हात तिथेच जातो.

अंगाने काटकुळे, खाकी अर्धी पँट, बंडी, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस. मेस्त्रींनी काल कोणती गाडी रंगवली हे त्यांच्या नखांवरून कळायचं. आंगणेवाडीच्या जत्रेआधी रिक्षावाल्यांची त्यांच्या दारात रांग लागायची. देवीला जाताना रिक्षा नवी दिसली पाहिजे असा प्रत्येकाचा हट्ट. मेस्त्री दिवसाला एकच रिक्षा घ्यायचे. कोणी घाई केली तर म्हणायचे, "रंगाक जत्रा कळणा नाय."

कंपन्या रंगांची पुस्तकं पाठवत, नंबर घातलेली. मेस्त्रींच्या गॅरेजात ती कॉम्प्रेसरच्या हलणाऱ्या पायाखाली असत. त्यांच्या रंगांना नंबर नव्हते, नावं होती. पेजेचा पांढरा. कोकमाच्या आगळाचा लाल. बावीवरच्या शेवाळाचा हिरवा. गिऱ्हाईक म्हणायचं, पांढरा मारा. मेस्त्री विचारायचे, कोणाचो पांढरो? दुधाचो, पेजेचो, की नव्या धोतराचो? माणूस वैतागून निघून जायचा, फाटकापर्यंत पोचायचा आणि परत येऊन सांगायचा, पेजेचा.

त्यांची आणखी एक सवय होती, आणि पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. गाडीचा रंग जमला की ते त्याचं शेवटचं बोट गॅरेजच्या दाराच्या डाव्या चौकटीला पुसायचे, छातीच्या उंचीवर, दर वेळी त्याच जागी. ही रीत त्यांच्या उस्तादाने घातली होती. तो विजयदुर्गाहून आलेला, होड्या रंगवून हात बसलेला माणूस. गॅरेज आधी त्याचं होतं. रंगावर रंग, रंगावर रंग, असं करत चौकटीवर मुठीएवढं टेंगूळ झालं होतं. पन्नास वर्षांच्या गाड्या त्या एका टेंगळात होत्या.

दोन वर्षांपूर्वी एका शिबिरात मेस्त्रींच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर ते पहिले गेले कपेलात, आमच्या वाडीतल्या छोट्या चर्चमध्ये. तिथल्या सायबिणीचा, म्हणजे मरियामातेचा, झगा त्यांनीच त्याच्या तीन वर्षं आधी रंगवला होता. सांजवेळच्या आभाळाचा निळा, असं ते सांगायचे. त्या दिवशी ते मूर्तीसमोर उभे राहिले आणि त्यांनी आळीपाळीने एकेक डोळा झाकला. डाव्या डोळ्याला सांजवेळ दिसली. उजव्याला प्लास्टिकची बादली.

मोतीबिंदू झालेला डोळा पिवळ्या काचेसारखा असतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यातून बघणाऱ्याला निळा नेहमी कमी वाटतो, म्हणून तो निळा ओतत राहतो. तीन वर्षं सगळी वाडी त्या झग्यापुढे गुडघे टेकत होती आणि कोणी त्यांना एका शब्दाने बोललं नव्हतं. पाद्रींनी समजूत घातली की लोकांना सवय झाली आहे, भक्तीला रंग लागत नाही. मेस्त्री म्हणाले, "पाद्री, भक्ती तुमची. रंग माझो."

झगा त्यांनी पुन्हा रंगवला. मग आठवडाभर बाजारात हिंडून आपण रंगवलेली प्रत्येक गाडी एकेका डोळ्याने पाहिली आणि गॅरेज बंद केलं. डाव्या डोळ्याचं झाल्याशिवाय रंगाच्या गनला हात लावायचा नाही, असं ठरवून टाकलं.

ते पुन्हा उघडायला लावलं फिलूटीचरनी.

फिलोमिना टीचर मला पाचवीत मराठी शिकवायच्या. लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर वडिलांच्या घरात एकट्या राहतात. त्यांचे वडील आगुस्तीनबाब यांनी पोर्तुगीज अमदानीत पणजीहून एक गाडी आणली होती. विलायती, उघड्या टपाची, दोनच माणसांची, शर्यतीची असावी तशी जमिनीलगत बसलेली. ती तीसेक वर्षं मांगरात, घरामागच्या छपरात, पडून होती. टीचरनी कुडाळच्या एका मेकॅनिककडून इंजिन चालू करून घेतलं आणि गाडी मेस्त्रींच्या दारात आणवली. गाडी पांढरी होती, पत्रा जागोजाग फुगलेला.

तो पांढरा मेस्त्रींचाच होता. आगुस्तीनबाब गेल्यावर त्यांच्या मुलाचं लग्न निघालं आणि त्याला वरातीला पांढरी गाडी हवी होती. उस्तादाने ते काम एकवीस वर्षांच्या इनासवर सोपवलं. त्याचं पहिलं मोठं काम. त्याने चार दिवस पाणी आणि पॉलिश पेपरने गाडी घासली, इतकी की पत्रा आरशासारखा निघाला, जुन्या रंगाचा ठिपकादेखील ठेवला नाही. याचा त्याला फार अभिमान वाटत होता. फिलोमिना तेव्हा बाहेरगावी अध्यापनाचं शिक्षण घेत होती. नाताळाला घरी आली, पांढऱ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि तिने विचारलं, "इनास, पप्पाचो रंग खंय?"

त्याने हसून फणसाखाली बोट दाखवलं, जिथे घासलेलं पाणी वाहून मुरलं होतं. "थंय. मातयेत."

चाळीसहून जास्त वर्षं ती दोघं दर रविवारी कपेलात एकमेकांना नमस्कार करत होती. त्या विषयावर एक शब्द नाही. आणि आता टीचर त्यांच्या दारात उभ्या होत्या, काठी टेकून. म्हणाल्या, "इनास, मातयेतसून काढ आता."

हे मेस्त्रींनी मला सांगितलं तेव्हा ते हातातला डबा नुसता फिरवत होते. "मी हसलेलंय गो," म्हणाले. "ता ती इसारली नाय."

गाडीचे फोटो होते, पण काळेपांढरे. टीचरकडे वर्णन एकच. जाळ्यातून नुकत्याच काढलेल्या बांगड्याच्या पाठीचा रंग. मेस्त्री डब्यांच्या झाकणांवर नमुने करायचे आणि टीचर संध्याकाळी येऊन बघायच्या. चष्मा चढवायच्या, झाकण नाकाजवळ न्यायच्या आणि म्हणायच्या, "हो न्हय." हा नव्हे, एवढंच. जास्त हिरवा, कमी निळा, असं काही नाही. शुद्धलेखनाची वही तपासावी तसं. मी वर्गात त्यांच्या हाताखाली बसलेली होते, मला तो स्वर ठाऊक होता. त्यात राग नसायचा, म्हणूनच तो जास्त लागायचा.

अकरा झाकणं झाली. मेस्त्रींचं जेवण सुटत चाललं होतं. मग एके सकाळी ते झाकणं आणि चार छोटे डबे पिशवीत भरून रापणीवर गेले. जाळं वाळूवर आलं तशी मासळी उचलायला बायका पुढे धावल्या आणि हे मधेच उकिडवे बसले, एका हातात तडफडणारा बांगडा आणि दुसऱ्यात ब्रश. बायकांना चेव आला. एक म्हणाली, "मेस्त्री, बांगड्याक कलर मारतास काय? आमचे तसेच खपतत." दुसरीने सुचवलं की तिच्या घोवालाही एक हात मारून द्यावा, लग्नापासून उतरलाय. मेस्त्रींनी वर बघितलंसुद्धा नाही. बांगड्याच्या पाठीवरचा तो निळसर हिरवा, आतून चांदी चमकणारा रंग, 'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा म्हणून होईपर्यंत टिकतो. मग मासा शिशासारखा दिसायला लागतो. त्यांनी सात बांगडे मारले, म्हणजे सात वेळा तो रंग मरताना पाहिला. आठव्याला झाकणावरचा रंग आणि माशाची पाठ यांत फरक उरला नाही. मीही पाहिलं. खरंच नव्हता.

संध्याकाळी टीचर आल्या. झाकण नाकाशी धरलं. "हो न्हय, इनास. हो मेलेल्या बांगड्याचो."

त्या रात्री आपण जेवलोच नाही, असं मेस्त्री दुसऱ्या दिवशी म्हणाले, आणि बोलता बोलता चौकटीकडे बघायला लागले. त्यांना काहीतरी आठवलं होतं. ते स्वतः शिकाऊ होते तेव्हा आगुस्तीनबाबांनी एकदा गाडी स्वतःच्याच फाटकाच्या खांबावर घातली होती. मडगार्डचा तो पोचा काढून, मूळ रंगाशी जुळवून रंग मारायचं काम उस्तादाने त्यांना दिलं होतं. आयुष्यात स्वतःच्या हाताने जुळवलेला पहिला रंग. आणि त्याचं बोट उस्तादाने त्यांना चौकटीला पुसायला लावलं होतं, ती रीत तिथूनच सुरू झाली. म्हणजे तो तिथेच होता, सगळ्यांच्या तळाशी.

मी म्हटलं, मग घासा. त्यांनी टेंगळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पन्नास वर्सां घासूची लागतली."

त्यांनी दोन दिवस घासलं. बारीक पॉलिश पेपर, पाणी, गोल गोल हात. टेंगळाचा माथा सपाट झाला तशी आत वर्तुळं उघडी पडू लागली, एकात एक, कापलेल्या झाडासारखी. प्रत्येक वर्तुळाला ते ओळखत होते. ही सरपंचाची जीप. ही कुणकेश्वरच्या यात्रेतली आईस्क्रीमची गाडी. हो काळो, शववाहिनीचो, तिच्यातून माझो बापूस गेलो. मी समोर बसून होते आणि मला कळत होतं की पाण्याबरोबर खाली चाललंय ते परत कुठे मिळणार नाही. एकदा त्यांनी इतकं साफ घासलं होतं की काही उरलं नव्हतं. या वेळी ते दर चार हातांनी थांबून, पाणी ओतून बघत होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मधोमध अंगठ्याच्या नखाएवढा ठिपका उघडा पडला. बांगड्याची पाठ. शेजारी रापणीवरचं झाकण धरलं. तोच रंग. अगदी तोच. मेस्त्री ओल्या जमिनीवरच बसले. "माका येय होतो," म्हणाले. "मी बरोबर होतंय."

मी धावत जाऊन टीचरना घेऊन आले. त्या चौकटीशी वाकल्या, चष्मा सरळ केला, नाक लाकडाला लागेल इतक्या जवळ गेल्या. पन्नास वर्षांपूर्वीचा खरा रंग समोर होता, त्यांच्या वडिलांनी पसंत केलेला.

"हो न्हय," टीचर म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुका जमणा नसात तर तसा सांग रे. माका फसव नको."

त्या गेल्यावर मेस्त्रींनी हळूच उजवा डोळा झाकला आणि डाव्याने ठिपक्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला बोलावलं आणि समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याला तो ठिपका गढूळ दिसत होता, राखाडी. मेलेला बांगडा. टीचर खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत ती पिवळी काच होती. आठवणीतला रंग विशीतल्या डोळ्याने पाहिलेला, आणि समोरचा आताच्या.

मग ऑपरेशन करायला सांगा, मी म्हटलं. पहिल्या झाकणांच्या वेळी, चष्मा बघून, मेस्त्रींनी ते सहज सुचवून पाहिलं होतं. टीचरच्या आईचा डोळा जुन्या काळी असाच ऑपरेशनात गेला होता. टीचर उठून गेल्या होत्या आणि आठ दिवस फिरकल्या नव्हत्या.

मग हाच रंग मारा, मी म्हटलं. हा खरा आहे, पुरावा चौकटीवर आहे. त्यांना तो मानावा लागेल. खरं काय ते त्यांनीच आम्हाला शाळेत शिकवलं. मी पुष्कळ बोलले, चढ्या आवाजात. मेस्त्री पॉलिश पेपर पिळत ऐकत राहिले.

"माझो उजवो डोळो खरा सांगता, चेडवा. पण तो डोळो तिच्याकडे नाय."

"म्हंजे तुम्ही मुद्दाम चुकीचो रंग मारतलास?"

"तिका तिच्या बापाशीचो रंग दिसूक व्हयो. तो मी एकदा पुसलंय. तुझा खरा तुझ्या पत्रकात घाल."

मी उठले आणि दहा दिवस गेले नाही.

परत गेले तेव्हा मेस्त्रींच्या उजव्या डोळ्यावर फडकं बांधलेलं होतं. त्यांची रीत अशी होती. फडकं वर करायचं, उजव्या डोळ्याने चौकटीवरचा ठिपका बघायचा, तो मनात धरून ठेवायचा, फडकं खाली ओढायचं आणि डाव्या डोळ्याला झाकणावर तसाच दिसेपर्यंत निळा ओतत राहायचं. सायबिणीच्या झग्याची जी चूक त्यांनी न कळता केली होती, ती आता कळून, थेंबाथेंबाने करायची. भिंतीवर शिबिराचा कागद टाचलेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की डावा मोतीबिंदू पिकून गेला आहे, महिन्याच्या आत काढा, नाहीतर डोळा जाईल. कागदावरची तारीख उलटून गेली होती.

या वेळी मी भांडले नाही, हात जोडले. आमच्या गाडीने सावंतवाडीला नेते, आज चला, उद्या चला. रंग नंतर करा.

"नंतर कसो करू? हो डोळो म्हंजे माझी मापाची पट्टी आसा. पट्टी देवन टाकलंय, तर माप खयच्यान घेव?"

दोन डोळ्यांचा असा माणूस साऱ्या मालवणात एकच होता, एक डोळा त्यांच्या तरुणपणाचा आणि एक टीचरच्या म्हातारपणाचा. हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

एकोणिसाव्या झाकणाला टीचर काही बोलल्या नाहीत. झाकण त्यांनी नाकाजवळून दूर धरलं, मग परत जवळ आणलं आणि पदराने त्याची कड पुसली. मग त्यांनी ते मेस्त्रींच्या हातात न देता स्वतःच्या पिशवीत ठेवलं. जाताना दारातून म्हणाल्या, "हो."

गाडी रंगवायला मेस्त्रींना नऊ दिवस लागले. प्रत्येक हातानंतर फडकं वर, फडकं खाली. सातव्या दिवशी डावा डोळा लाल झाला. आठव्या दिवशी डोकं इतकं दुखत होतं की ते दोनदा बाहेर जाऊन ओकून आले आणि परत गन उचलली. मी आमची गाडी आणून दारात उभी केली होती. ते आत येऊन बसले नाहीत. नवव्या दिवशी शेवटचा हात झाला आणि ते स्वतःहून म्हणाले, चल आता. दवाखान्यात दुखणं थांबवलं. नजर परत आली नाही. फार उशीर झाला होता.

टीचरची गाडी रस्त्यावर आली आणि सगळ्या बाजाराने तोंडावर हात ठेवला. भडक, जांभळट निळी, छपरावरच्या पाण्याच्या टाकीसारखी. रिक्षास्टँडवर बोलणं सुरू झालं की मेस्त्रींची नजर गेली म्हणून असं झालं, बिचाऱ्याने शेवटचं काम नासवलं. ज्या माणसाने चूक दिसताच तीन वर्षांचा जुना झगा पुन्हा रंगवला, तो हे ऐकून घेत होता. मी एकदा स्टँडवर तोंड उघडायला गेले, तर त्यांनी माझा दंड धरला.

गेल्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा त्या कुंपणापाशी जमलो होतो. फलक तिथेच, तसाच लाल. बाजूला टीचरची गाडी येऊन थांबली. मेस्त्री चालवत होते, एका डोळ्यावर, बैलगाडीच्या वेगाने. टीचर शेजारी, डोक्याला रुमाल बांधलेला. पर्यटक फोटो काढायला धावले आणि हसत हसत पांगले. मेस्त्री खाली उतरून बॉनेटच्या बाजूला उभे राहिले. त्यांची उजवी बाजू गाडीकडे होती, आणि भर दुपारच्या उन्हात तो रंग त्यांच्या त्या चांगल्या डोळ्यासमोर होता. त्यांना आता तो टाकीचा निळा सोडून दुसरं काही दिसूच शकत नव्हतं. मी तीन पावलांवर होते.

टीचरनी आतून हाक मारली. "इनास, उनात कसो दिसता रे? पप्पाच्या वेळार दिसायचो तसो?"

मेस्त्री हळूहळू वळले, पूर्ण वळले, गाडी त्यांच्या डाव्या, गेलेल्या डोळ्याच्या बाजूला येईपर्यंत. मग मान जराशी कलवून त्या डोळ्याने गाडीकडे बघितल्यासारखं केलं.

"तसोच, बाय," म्हणाले. "अगदी तसोच दिसता."